शकुनची धावती अक्षरे

अमरावती,
ता. १४ डिसेंबर १९४०

चि. सौ. शकुन,

काल अकोल्याचे छापखानेवाले देवीदासजी तुझ्या अक्षरांचा नमुना माझ्या सहीसाठी घेऊन आले. खाली माझे नाव छापले होते. सही करवेना, म्हणून हे पत्र.

आशीर्वाद सवयीने लिहिते, हक्काने नाही. तू बरी असशील. शाळेचा खो-खोचा संघ यंदाही पहिला आला. शिपाईण मैनाबाई अजून घंटा उशिरा देते.

आता मुद्दा. चार वर्षांपूर्वी संघातल्या मुलींच्या पाठीवर लावायला तू तांबड्या कापडाची अक्षरे कापलीस. रुंद, सगळीकडे सारखी जाड, पुढे झुकलेली. बोरूचे वळण कुठेच नाही. मी भर वर्गात विचारले, "ही दारू प्यालीत काय?" मुली हसल्या. तू म्हणालीस, "नाई बाई, पयतेत ते, धावतेत. पयनाऱ्या पोरीच्या पाठीवर उभं अक्षर मांगं पडल्यावानी दिसते."

मी तुला कित्त्याच्या शंभर ओळी लिहायला लावल्या आणि अक्षरे जप्त केली.

पुढल्या वर्षी क्रीडामंडळाचे महादेवराव शाळेत आले. कपाटात त्यांना ती दिसली. "बाई, हे अक्षरं त निरा पयतेच की! कोनं काढले?" "शाळेतच झाली," मी म्हणाले. त्यांना वाटले, मीच. मंडळाच्या निशाणावर ती चढली तेव्हा त्यांनी मला हार घातला. मी मान पुढे केली.

मधली गोष्ट मी गाळली. ती लिहायला सकाळपासून तीन कागद फाडले.

कित्त्यानंतर मी तुझ्या वडिलांना चिठ्ठी दिली होती. नत्थुजींना वाचता येत नव्हते, म्हणून तुझ्यादेखत मीच वाचून दाखवली: 'मुलीचे लक्ष चिंध्यांत आहे, पुढे शिकवण्यात अर्थ नाही.' ते म्हणाले, "तुमी शिकेल-सवरेल बाई आहा. तुमी म्हनता त खरंच असन." त्याच दिवशी त्यांनी तुला शाळेतून काढले. उन्हाळ्यात तुझे लग्न झाले.

चिठ्ठी वाचताना अक्षरे माझ्याच कपाटात होती. ती का फेकली नाहीत, हे मला तेव्हाही ठाऊक होते. ती चांगली होती.

देवीदासजींना जाहिरातींसाठी सागवानात ती कोरायची आहेत. वर्णमालेतली उरलेली काढून द्या, म्हणाले. मला एकही जमत नाही. आज त्यांना आणि महादेवरावांना खरे सांगितले. गुरुवारी देवीदासजी तुझ्या घरी येतील. अक्षरे द्यायची की नाही, कोणत्या नावाने, हे तूच ठरव. माझी भीड नको. क्षमाही मागत नाही. मागितली तर तुला ती द्यावी लागेल.

देवीदासजींच्या हाती सोपवले ते असे:
तू कापलेली कापडी अक्षरे, नग चौदा. पैकी 'ख'ची कड माझ्या हातून फाटलेली.
छापील नमुना एक. माझे नाव खोडलेले, खालची जागा कोरी.
महादेवरावांना लिहून दिलेल्या कबुलीची नक्कल, माझ्या सहीची.

देणार : गोदावरी जोगळेकर.
घेणार : शकुन, ही अक्षरे जिची आहेत ती.