सीत्सेच्या खोलीच्या विटा

१४ मे
आज गवंड्यांसमोर ठेकेदार वुब्बो मला म्हणाला, "बाई, लवकर, स्वस्त, कमी कार्बन — तीनपैकी दोन निवडा." मला तिन्ही गोष्टी हव्यात. म्हणून लिहायला बसले.

गावची नवी शाळा सप्टेंबरआधी उघडली नाही, तर मुलं शेजारच्या गावी जातील. परत यायची नाहीत. नव्या भाजलेल्या विटा घेतल्या तर कार्बनची मर्यादा ओलांडते आणि अनुदान जातं. म्हणून पाडलेल्या डेअरीच्या जुन्या विटा. शाळेच्या बांधकाम समितीत इंजिनिअर मी एकटीच. विटा मीच सुचवल्या.

२ जून
डेअरीची मागची बाजू सिमेंटातली निघाली! चुन्यातली वीट एका टोल्यात मोकळी होते, सिमेंटातली फुटते. मी फक्त दर्शनी भिंत खरवडून पाहिली होती. विटा कमी पडणार.

३ जून
वुब्बोचे तीन उपाय. "नव्या आणतो." — कार्बन.
"ग्रोनिंगेन शहरात जुन्या मिळतात का बघतो." — वेळ.
"सिमेंट यंत्राने कापून काढतो." — पैसा.
जुलैअखेर बांधकामाची सुट्टी. तेव्हा कोणी खिळाही ठोकत नाही.

५ जून
न बांधलेल्या भिंतीला वेळ, पैसा, कार्बन काहीच लागत नाही. नकाशातली एक खोली खोडली. वाचनाची.

वुब्बो बघतच राहिला. "बाई, ही तर सीत्सेंची खोली."
"ठाऊक आहे."
"त्यांच्या नावाची पितळेची पाटीसुद्धा आलीय."
"ठाऊक आहे म्हटलं ना!"

सीत्सेने जन्मभर गावच्या जुन्या शाळेत शिकवलं. गेल्या हिवाळ्यात गेला. माझा नवरा होता म्हणून भिंत वाढवून मिळत नाही.

विटा पुरतात.

११ जुलै
छत चढलं. छत चढलं की मालकाने गवंड्यांना बिअर पाजायची, ही इथली रीत; तो खर्च मी मंजूर केला नाही.

१२ जुलै
गवंड्यांनी छतावर झेंड्याऐवजी झाडू लावला! म्हणजे मालक चिकट. सगळ्या गावाने पाहिलं. बेकरीवाली म्हणाली, "शोभतो हो. घरचाच का?"

१३ जुलै
बिअर दिली. माझ्या पैशाने. प्यायले सगळे, झाडू मात्र तिथेच. वुब्बो म्हणतो, "राहू द्या बाई, त्याचं काम आहे अजून."

२८ ऑगस्ट
शाळा ताब्यात घेतली. मिळालं ते असं : बाहेरच्या दाराच्या किल्ल्या तीन. झाडूच्या कपाटाची किल्ली एक. आत झाडू एक, तोच. कपाटाच्या दारावर पितळेची पाटी — 'सीत्सेची खोली'.

पाणसळ लावून पाहिली. पाटी सरळ आहे. सही केली.