बर्फाच्या पाण्यात हात

३ फेब्रु., सोम. गोळी बंद, दिवस २११
माझ्या हातचं: भंगारातून उभे केलेले दोन माग. बायकोच्या, सुमनच्या, शिलाई मशीनची मोटर. कमरेचा पट्टा, चार बकलांचा (दुकानातला महिन्यात उसवतो). आणि आज, दुखणं मोजायचं यंत्र. बादली, बर्फ, थर्मामीटर. हात बुडाला की घड्याळ आपोआप सुरू. कुणी शिकवलं नाही. पाणी बरोब्बर ४ अंश. मी १४ सेकंद टिकलो. सुमन ५८, वर हसत, "एवढ्यात काढला व्हय? आमच्या दुधनी गावातली शेंबडी पोरं बी जास्त टिकतील की."

५ फेब्रु., बुध. दि. २१३
व्यसनमुक्तीच्या मॅडमना आकडे दाखवले. म्हणाल्या, कमरेपायी सहा वर्षं त्या दुखण्यावरच्या गुंगीच्या गोळ्या खाल्ल्यात, सुटल्यावर काही काळ दुखणं जास्तच लागतं. नाटक नाही ते. नाटक नाही. सुमनला दोनदा वाचून दाखवलं.
मंगळवारी दाढ काढायची. मागच्या खेपेला दातदुखीनंच घसरलो होतो. चार महिने बंद, आणि एका रात्रीत…

९ फेब्रु., रवि. दि. २१७
सापडलं. सकाळी मन निवांत: २३ से. मग मुद्दाम दाढेचा विचार करत: ११. पाणी तेच, हात तोच. तीनदा करून पाहिलं, तीनदा तसंच. म्हणजे बारा सेकंद निव्वळ भीती खाते. मागावरचा ताणा जास्त ओढला की सूत तुटतं. तो सैल करणं तर माझ्यासारख्या माग लावणाऱ्या जॉबरचं रोजचं काम. जेवण सुचेना आनंदानं.
सुमन म्हणाली, "मंग दाताच्या डाक्टरला खरं सांगा की. लपवताय म्हणून भ्या वाटतंय."
हे यंत्रात नव्हतं आलं.

११ फेब्रु., मंगळ. दि. २१९
खुर्चीत बसायच्या आधीच सांगितलं: मला त्या गोळ्यांचं व्यसन होतं, तसली एकही लिहू नका. कान तापले. डॉक्टर म्हणाले, "बरं केलंत काका, बोललात." साधी गोळी लिहिली, तीही सुमनच्या हाती दिली. दाढ निघाली. तीन मुळं, एक वाकडं.

१३ फेब्रु., गुरु. दि. २२१
गाल सुजलाय, कमरेचं दुखणंही उठलंय. सकाळी ९ से. आजवरचा नीचांक. तेवढ्यात जुने मालक दारात. बारा माग बसवायचे, दहा दिवसांत, दोन्ही पाळ्या. म्हटलं, कंबर उभी राहणार नाही.
"आधी राहायचास की. गोळ्यांचं पाकीट मी आणतो."
आत सुमनचं भांडी घासणं थांबलं.
नाही म्हणालो. आवाज थोडा फाटला. "उद्या परत येतो," म्हणून गेले. ऐंशी हजार देत होते.