सूनबाईच्या भट्टीचा ट्रस्ट

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि नुकताच चहा घेऊन हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

१. राहतं घर मुलाचं आणि सुनेचं, दोघांचं मिळून. भांडण झालं तर त्याने बाहेरच्या खोलीत झोपावं.

२. माझं ड्रिल धाकट्या भावाला. नाहीतरी मागून नेल्यापासून ते त्याच्याकडेच आहे. आता निदान मला बघून रस्ता बदलू नकोस म्हणावं.

३. आता मुद्द्याचं. सूनबाई दिवसभर विमा कचेरीत असते आणि रविवारी मातीचे कप घडवून विकते. भाजायला माझी, चिनी मातीचे दात पक्के करायची भट्टी वापरते. त्या टीचभर भट्टीत कप मावतो, कपाचा कान मावत नाही. म्हणून तिचे सगळे कप बिनकानाचे. गिऱ्हाइकांना वाटतं, फॅशन आहे. बोटं पोळली की कळतं!

तेव्हा माझ्या बचतीचा ट्रस्ट करावा आणि त्यातून तिला मोठी भट्टी आणि विजेवरचं चाक घेऊन द्यावं. रोख हातात दिली, तर ही बया आधी घराचा हप्ता भरून मोकळी होईल. मी पुरता ओळखून आहे तिला. ट्रस्टचा पैसा असा दुसरीकडे वळवता येत नाही.

४. विश्वस्त माझा मुलगा. अट एकच: बायकोच्या या धंद्याला त्याने 'छंद' म्हणायचं नाही. म्हणाला, की विश्वस्तपद त्याच्या सासूबाईंकडे. जावयाला जाब विचारायला त्या कधीच्या टपून बसल्यात.

५. एवढं लिहून काल जेवताना वाचून दाखवलं. मुलगा "बाबा, एवढ्याशा छं—" म्हणाला आणि त्याने जीभ चावली. सूनबाई मात्र ताटावरून उठली.

"म्हणजे भट्टी यावी म्हणून मी तुमच्या जाण्याची वाट बघू? नको मला ती भट्टी!"

आणि पोरगी ढसाढसा रडली. मलाही भरून आलं. इतकी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नव्हती!

सबब, कलम तीन आणि चार या मृत्युपत्रातून काढली. ट्रस्ट माझ्या हयातीतच, आजपासून सुरू. अटी त्याच. भट्टीची ऑर्डर सकाळीच दिली आहे आणि ती उतरवून घ्यायला मी स्वतः दारात उभा राहणार आहे.

साक्षीदार: १. दातांचे डॉक्टर (मी शुद्धीत असल्याचं तपासलं, जाता जाता दाढही बघितली). २. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई.

ठिकाण: जेवणाचं टेबल.

दिनांक: आजचा. बाकीच्या कलमांना घाई नाही.