रोमन एक

बालाघाट
८ फेब्रुवारी २०००

प्रिय ऋते,

सगळ्यात आधी एक गंभीर तक्रार. तुझं परवा आलेलं कार्ड मी नीट तपासलं. एकंदर नऊ ओळी. त्यांत ‘मी ठिक आहे’ हे वाक्य तीनदा, आणि तिन्ही वेळा ‘ठि’ ऱ्हस्व. संस्कृतच्या मास्तराची मुलगी, एम.टेक. झालेली, आता पीएच.डी. करणारी, आणि अकारान्त शब्दाचं उपान्त्य अक्षर दीर्घ लिहावं एवढं तिला सांगावं लागतं. ‘ठीक’ हा शब्द मुळात संस्कृत नाही, तेव्हा तो तुमच्या अखत्यारीत येत नाही, असा बचाव तू करशील. तो फेटाळण्यात येत आहे. आठवीतल्या पोरांचा मी या चुकीपायी अर्धा गुण कापतो. म्हणून ती मला शाळेबाहेर ‘दीर्घ गुरुजी’ म्हणतात. आमचा शिपाई तेजराम तर आतही म्हणतो.

इकडची बातमी म्हणजे रेल्वेची छोटी लाईन मोठी होणार अशी यंदाही आवई उठली आहे आणि यंदाही गाडी गोंदियाला बैलगाडीच्या चालीनं जाते. किरनापूरच्या मामीनं मिरच्या पाठवल्या, त्या खाऊन तुझी आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू त्या मीच पेरल्या होत्या. दहावीची परीक्षा तोंडावर आली आहे. बाकी सगळं तसंच आहे.

तू जुलैत निघालीस त्याच्या आदल्या दिवशी आईला स्वयंपाकघरात ‘कोर्सवर्क’ म्हणजे काय ते समजावत होतीस, आठवतं? संशोधनाला हात लावायच्या आधी चार विषय शिकायचे, त्यांत पास व्हायचं, मग एक मोठी तोंडी परीक्षा, आणि मगच संस्थेत नाव पक्कं. आई पोळी लाटता लाटता म्हणाली, “मंग आतापर्यंत शिकून राह्यली होती ते काय होतं?” मी मध्ये पडून अधिकारी आणि अनधिकारी यांवर छोटंसं प्रवचन दिलं. विद्या घेण्याआधी अधिकार मिळवावा लागतो वगैरे. मला फार आनंद झाला होता. जबलपूरची ती पॉलिटेक्निकची नोकरी तू घेणार होतीस, आणि घरात एक विद्यावाचस्पती हवा म्हणून मी तुला ती घेऊ दिली नाही. तू काहीच बोलली नाहीस. मी ते संमतीत धरलं.

पहिल्या महिन्यातले तुझे फोन मला तोंडपाठ आहेत. टेन्सर काय असतो ते तू सांगितलंस. बघणाऱ्यानं जागा बदलली, दिशा बदलली, तरी जे मुळात बदलत नाही ते. मी म्हणालो, मग ती तुझी आई. तू इतकी हसलीस की एसटीडी बूथवाल्यानं काच वाजवली. सप्टेंबरमध्ये तू वेगळं सांगितलंस. वर्गातल्या बाकीच्यांनी हे सगळं आधीच कुठे ना कुठे केलं आहे, सर फळ्यावर दोन ओळी लिहून म्हणतात, पुढचं तर तुम्हाला येतंच, आणि सगळे मान हलवतात, मग मीही हलवते. तेव्हा मी तुला एक सुभाषित ऐकवलं. अर्थासकट. तू रडायला फोन केला होतास हे मला फोन ठेवल्यावर कळलं, आणि कळलं तरी मी परत लावला नाही, कारण सुभाषित खरोखरच समर्पक होतं.

डिसेंबरात तुझी गुणपत्रिका घरच्या पत्त्यावर आली. संस्था पालकांना पाठवते, हे बहुधा तुलाही ठाऊक नव्हतं. चार विषय, चार अक्षरं. कंटिन्युअम मेकॅनिक्स, आय. फायनाइट एलिमेंट, आय. ॲडव्हान्स्ड मॅथमॅटिक्स, आय. रिसर्च मेथडॉलॉजी, बी. आता आमच्या बोर्डाच्या कागदावर बत्तीस वर्षं मी पहिली श्रेणी रोमन एकानं लिहिलेली पाहत आलो. एक उभी रेघ. मी दुसरा विचारच केला नाही. मोतीलालच्या दुकानातून पेढे आणले आणि स्टाफरूममध्ये वाटले. तेजराम म्हणाला, “गुरुजी, बाईचा तीन तीन विषयांत पहिला नंबर, अन् मले अर्धाच पेढा काहून?” त्याला आणखी दोन दिले. गुणपत्रिका घरी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवली, येणाऱ्याला सरळ वाचता येईल अशी. आणि तुला पत्र लिहिलं. अभिनंदनाच्या दोन ओळी, आणि मग, तुला माहीत आहे माझी खोड, पानभर थट्टा त्या ‘बी’ची. तिन्हीकडे पहिली येणाऱ्या मुलीची मेथडॉलॉजीत गाडी का घसरली, पद्धतच चुकली का, असं काहीबाही.

नाताळच्या सुट्टीत कुशल आला होता. तू त्याला ओळखतेस, माझा जुना विद्यार्थी, हल्ली नागपूरकडे इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. चहा घेत तो काचेखालची गुणपत्रिका वाचत होता. मी त्याच्या कौतुकाची वाट पाहत होतो. कप बशीत ठेवून तो हळूच म्हणाला, “सर, हा रोमन एक नाही. हा इंग्रजी आय आहे. इनकम्प्लीट. परीक्षेला बसलं नाही, की देतात.” मग माझं तोंड बघून घाईनं म्हणाला, म्हणजे नापास नव्हे सर, अपुरं, पुढच्या सत्रात भरून काढता येतं. तो गेल्यावर मी पुन्हा त्या कागदाकडे पाहिलं. चारांपैकी एकच परीक्षा तू दिली होतीस, एकच अक्षर तू स्वतः मिळवलं होतंस, आणि नेमकी त्याचीच मी पानभर टिंगल केली होती.

हे तुझ्या आईला मी सांगितलं नाही. जानेवारीत बोर्डाच्या कामाला भोपाळला जातो असं सांगून निघालो, आणि तुझ्याकडे आलो.

हो, आलो होतो. तुला हे माहीत नाही. तुमचे संयोजक सर भले माणूस आहेत. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, फाईल काढली. म्हणाले, मुलगी हुशार आहे, ऑक्टोबरपासून वर्गात येत नाही, आजारपणाचा अर्ज होता म्हणून शिक्षकांनी नापास न करता आय दिला. एकतीस जानेवारीच्या आत तिन्ही पूर्ण केले नाहीत तर नाव रद्द. मी विचारलं, ती दिवसभर करते काय. ते म्हणाले, हे आम्हाला ठाऊक असायला हवं होतं. मग हॉस्टेलवर आलो. मेट्रन म्हणाल्या, ती तर रोज आठला बॅग घेऊन जाते, सहाला येते, कधी खाडा नाही. तुझी खोलीमैत्रीण दीपिका तिथंच भेटली. तिच्याकडे मी शाळेचा फोन नंबर दिला आणि तुला काही न सांगण्याची शपथ घातली. तू कुठे असतेस ते तिनंच सांगितलं.

वर्कशॉपच्या मागचा तो बसथांबा. तू बाकावर बसली होतीस, बॅग मांडीवर, दोन्ही हात बॅगेवर. एक बस आली, गेली. दुसरी आली. कंडक्टरनं तुझ्याकडे पाहिलंही नाही, त्याला सवय झाली असावी. मी समोर झेरॉक्सच्या दुकानाशी उभा होतो. दीड तास. पंचवीस पावलं असतील. तू एकदा वर पाहिलंस, माझ्याच दिशेनं, आणि तुला मी दिसलो नाही. मला वाटलं, मी पुढे गेलो तर तुला उभं राहावं लागेल, हसावं लागेल, आणि वर्ग आत्ताच सुटला असं सांगावं लागेल. हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं कारण असं, की बत्तीस वर्षं पोरांना प्रश्न विचारणाऱ्या माणसाला तुला विचारायला एकही प्रश्न सुचला नाही. चारच्या गाडीनं मी परत फिरलो. आईसाठी गोंदियाला संत्री घेतली. ती म्हणाली, भोपाळात संत्री चांगली मिळतात वाटतं. मी हो म्हणालो.

तुझं नाव मी ठेवलं. ऋता. ऋत म्हणजे ज्या नियमानं जग चालतं तो. बारशाला भटजींवर छाप पडली होती. पण हाक मारताना, संबोधनात, त्याचं ‘ऋते’ होतं, आणि संस्कृतात ‘ऋते’ म्हणजे ‘वाचून’. अमक्यावाचून, तमक्यावाचून. इतकी वर्षं पत्राच्या माथ्यावर मी हा शब्द लिहीत आलो आणि एकदाही तो तसा वाचला नाही. महिनाभर दुसरा अर्थच दिसत नाही.

एकतीस जानेवारी गेली. काल संस्थेचं पत्र आलं, नाव रद्द झाल्याचं. ते आता माझ्या खिशात आहे, काचेखाली नाही. त्याचं मला काही वाटलं नाही, म्हणजे वाटेल असं जे वाटलं होतं ते वाटलं नाही. आज अकराला मात्र शाळेत दीपिकाचा फोन आला. “अंकल, ऋता ने आज अपनी सारी किताबें बाँट दीं, कंबल भी. और इतने अच्छे से बात कर रही है कि मुझे डर लग रहा है.” मी म्हटलं तिला बोलाव. तू आलीस. कसे आहात बाबा, आईचा गुडघा कसा आहे, सगळं विचारलंस. सहा महिन्यांत तू इतकं नीट बोलली नव्हतीस. आम्ही येतो म्हणालो, तर हसून म्हणालीस, कशाला उगाच. मग मी दीपिकाला आणि मेट्रनबाईंना सांगितलं, तुला एक क्षणही एकटं सोडू नका, आम्ही पोहोचेपर्यंत.

घरी जाऊन आईला सगळं सांगितलं, भोपाळसकट. ती रडली नाही. “महिनाभर मले काहून नाही सांगितलं,” एवढंच विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पिशवी भरायला लागली. आता ती स्टेशनवर माझ्या शेजारी बसली आहे, पिशवी मांडीवर घेऊन, अगदी तुझ्यासारखी. दुपारची गाडी उशिरा आहे. हे पत्र टपालात पडणार नाही. तुझ्यासमोर उभा राहिलो की मी पुन्हा काहीतरी गमतीचं बोलेन, नाहीतर सुभाषित म्हणेन, म्हणून ते तुझ्या हातात द्यायला लिहितो आहे. वरची थट्टा खोडत नाही. तिच्याशिवाय मला इथवर येता आलं नसतं. आता सरळ लिहितो. पदवीची मला काळजी नाही. लोक काय म्हणतील याची होती, जानेवारीपर्यंत होती, आता नाही. मला भीती वाटते की तू मरायचं ठरवलं आहेस. आणि आम्हाला तुझ्यापर्यंत पोहोचायला अजून दीड दिवस आहे.

तुझाच,
बाबा