बाबांच्या ताटातली तंगडी

दादा,

माझी आज दुपारची पाळी आहे, म्हणजे बाबांचं रात्रीचं जेवण तुझ्या गळ्यात. ट्रेमध्ये गाजर, नवलकोल आणि कांदे चिरून ठेवलेत, त्यांच्यावर कोंबडीच्या तंगड्या. मीठ, मिरी, लसूण आणि दोन चमचे तेल लावून झालंय. वरून आणखी तेल ओतायचा शहाणपणा करू नकोस, त्यांना हलकंच लागतं. सात वाजता ट्रे ओव्हनमध्ये सरकव आणि तासाभराने काढ. दर पाच मिनिटांनी दार उघडून डोकावत बसू नकोस.

आता पुढचं नीट वाच. काल आत्याचा फोन आला होता. "बाबा हल्ली जेवत नाहीत म्हणे. तुझं लक्ष कुठे असतं?" असं तिने मलाच ऐकवलं. तिचे कान कोणी भरले ते कळायला मी काही दूधखुळी नाही. गेल्या रविवारी तू त्यांच्यापुढे अख्खी तंगडी ठेवलीस, ती तशीच राहिली, आणि त्यांची भूक मेली म्हणून तू गावभर सांगत सुटलास.

अर्धांगाच्या झटक्यापासून त्यांचा एक हात चालत नाही, हे तुला माहीत आहे ना? मी रोज स्वयंपाकघरातच हाडं काढते, बारीक तुकडे करते आणि मगच ताट बाहेर नेते. ते कधी मागत नाहीत आणि मी कधी बोलून दाखवत नाही.

त्या दिवशी मी घरी आल्यावर तीच गार तंगडी सोडवून दिली. सगळी खाल्ली त्यांनी.

चिमी