नोटिशीचं मराठी

४ जानेवारी
चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.
आपल्या धाकट्या पिट्याने वकिलामार्फत मला कोर्टाची इंग्रजी नोटीस पाठवली आहे, ती सोबत जोडतो. मला इंग्रजीचा गंध नाही. तू शाळेत पोरांना इंग्रजी शिकवतेस, तर एवढं मराठी करून धाड. तुला ठाऊकच आहे, त्याने माझ्या दुकानासमोरच शिलाईचं दुकान थाटलं, तेही बाबांच्याच नावाने. आता गिऱ्हाईक कापड काखेत धरून रस्त्यातच घुटमळतं. माझं हृदय नाजूक म्हणून तुझी वहिनी नोटीस दडवून ठेवणार होती, मीच हिसकावली.
कळावे, मुलांना गोड पापा.
तुझा,
दादा

११ जानेवारी
ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.
नोटीस वाचली. वकिली इंग्रजी उगाच बाऊ करतं. मतलब एवढाच, की दुकानाच्या पाटीवरून भावाशी थोडा मतभेद झालाय, भावाने मनाला लावून घेऊ नये, सवडीने बोलू. पिट्या रुसलाय, दुसरं काय! लहानपणी कॉटखाली जाऊन बसायचा, तसाच. सकाळी दुकान उघडताना त्याला हाक मारत जा, येईल बाहेर. उत्तराची घाई नको. गोळ्या वेळेवर घे, नाहीतर वहिनीचं पत्र येईल मला.
लोभ आहेच, तो वाढू दे.
तुझी,
चिमणी

२ जून
चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.
काल कोर्टाची माणसं येऊन माझ्या दुकानावरची बाबांच्या नावाची पाटी उतरवून गेली. नोटिशीला पंधरा दिवसांत उत्तर दिलं नाही, म्हणून निकाल एकतर्फी लागला म्हणे. शिडी डुगडुगत होती, मीच धरली, नाहीतर वर चढलेला कोर्टाचा माणूस बिचारा पडला असता. पाच महिने मी रोज सकाळी पिट्याला हाक मारली. तो पाठ फिरवायचा आणि मी, रुसलाय म्हणून, हसायचो. सगळा रस्ता मला हसत होता, हे आता कळलं.
तू माझ्या जिवाला जपलंस, मला कळतं. पाटी गेल्याचं फार वाईट वाटतंय. पण तो मला नेमकं काय म्हणाला ते समजल्याशिवाय घास उतरत नाही. खरे शब्द लिही.
तुझा,
दादा

९ जून
ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.
वाटलं होतं, सुट्टीत येऊन पिट्याची समजूत काढीन, तोवर तुला त्रास नको. मेमध्ये आले तेव्हा त्याने मला दारातूनच परत पाठवलं. तुझ्यासमोर बसून जेवले, पण सांगायचं धाडस झालं नाही. पोरांचा एक शब्द चुकला तरी मी मार्क कापते, आणि तुझी मुदतीची अख्खी ओळ गाळली. माझ्यामुळे पाटी गेली, दादा.
मी मतभेद लिहिलं तिथे ‘डिस्प्यूट’ आहे, म्हणजे तंटा. ‘रायव्हल’ म्हणजे प्रतिस्पर्धी. तुझ्या वागण्याला ‘होस्टाइल’ म्हटलंय, म्हणजे वैरभावाचं. ‘ऑपोनंट’ म्हणजे विरोधक, तो तर प्रत्येक परिच्छेदात आहे.
‘ब्रदर’ मी पुन्हा पुन्हा शोधला. एकदाही नाही. माझ्या पत्रात तू वाचलास तो भाऊ मीच घातला होता.
रागाव, पण पत्र लिही.
तुझी,
चिमणी