राजमहंमदच्या आवाजाचा बंदोबस्त

६ जानेवारी १९०८, सोमवार
नव्या इंग्रजी वर्षापासून रोजनिशी लिहायची ठरवली होती. सुरुवातीचे दिवस चांगली शाई मिळाली नाही म्हणून गेले.
यंदाचे संकल्प दोन. पहिला, घोडेगावच्या हेडकारकुनाची जागा मिळवणे. जागा उन्हाळ्याच्या आत भरणार असं कळतं. आमच्या घराण्यात आणे गावाच्या पठारावर मेंढरं राखण्यापलीकडे कोणी काही केलं नाही. वडील यमाजी अजून तेच करतात. लिहिणारा मी पहिला. मी हेडकारकून झालो तर वडील मेंढरांनासुद्धा सांगत सुटतील.
दुसरा संकल्प, मामलेदार कचेरीत माझ्या शेजारी बसणाऱ्या राजमहंमदचा आवाज बंद करणे. हा पार पडल्याशिवाय पहिला पार पडणार नाही.

७ जानेवारी
राजमहंमद माणूस वाईट नाही. पण घरचा धंदा कागद करण्याचा. लगदा कुटायच्या घणाशेजारी लहानाचा मोठा झाला, त्यामुळे हळू बोलायचं असतं हे त्याला कोणी सांगितलंच नाही. सुपारी कातरतो तीही पेठेत ऐकू जाते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मोठ्याने वाचत लिहितो.
आमचं काम नकलांचं. एका अस्सल कागदाच्या दोन नकला लागतात. त्याची दप्तरात राहते, माझी गावाला जाते. अस्सल कागद दोघांच्या मधे ठेवतो. तो एकेक शब्द दोनदा ओरडतो आणि लिहितो. मी आपला खाली मान घालून निमूट लिहितो. इतक्या गोंगाटात माझ्या नकलेत चूक नसते. शांतता मिळाली तर काय होईल!

९ जानेवारी
कानात कापूस घालून कचेरीत गेलो. काम झालं नाही. कापसाने डोकं जड होतं आणि अक्षरं पुसट होतात, हे कोणाला माहीत नसेल. दुपारी काढला. मग भराभर झालं.

११ जानेवारी, शनिवार
मंडळींनी गोधडी शिवायला काढली आहे. म्हणाली, सुईत दोरा ओवून द्या. बराच वेळ खटपट केली. हल्ली विलायती सुयांची भोकं फार बारीक करतात. ती म्हणाली, "तुमचं डोळं दाखवा कुनाला तरी." मला हसू आलं. ही मेंढरं राखणाऱ्याची नजर आहे. कचेरीच्या खिडकीतून किल्ल्याच्या उतारावरची शेळी लंगडी आहे की धड, हे मी सांगतो. परवा सांगितलं, शिपाई जाऊन बघून आला, लंगडीच निघाली. सगळे थक्क. आणि मला डोळे दाखवायला सांगते.
दोरा शेवटी तिनेच ओवला. नशिबाने गेला.

१४ जानेवारी
कचेरीत तिळगूळ वाटला. राजमहंमदला म्हणालो, गोड बोला, पण हळू बोला. तो एवढ्या मोठ्याने हसला की दौत हिंदकळली.
नवी युक्ती सुचली आहे. खडीसाखर. तोंडात खडा असला की माणूस वाचणार कसा?

१६ जानेवारी
मोठ्यात मोठा खडा निवडून राजमहंमदला दिला. त्याने तो गालात सरकवला आणि वाचत राहिला. फक्त आता शब्दांबरोबर मचमच आवाजही येतो.
मी दिलेला खडा चांगला होता म्हणून त्याने घरच्यांसाठी आणखी दोन मागून घेतले.

२१ जानेवारी
दोघांच्या मधे जुन्या दप्तरांची गाठोडी रचून भिंत केली. छातीइतकी झाली. अस्सल कागद त्याच्या बाजूला राहिला, पण माझं काही अडलं नाही. नक्कल एका दमात झाली. यावरून मी किती एकाग्र झालो होतो ते दिसतं. आवाज मात्र भिंतीवरून येतच होता.
दुपारी भिंत माझ्या अंगावर पडली. राजमहंमदने ओढून बाहेर काढलं. "लागलं का हो राव?" हे त्याने अशा आवाजात विचारलं की मामलेदारसाहेब जेवणावरून उठून आले. माझी मान अजून दुखते.

२८ जानेवारी, मंगळवार
आज धाडस केलं. मामलेदारसाहेबांना एकांतात म्हणालो, पुढच्या आठवड्यात प्रांतसाहेब इन्स्पेक्शनला येणार. कचेरीत असा बाजार भरलेला असला तर त्यांना काय वाटेल? नाव कोणाचं घेतलं नाही. फक्त राजमहंमदच्या दिशेने पाहिलं.
साहेबांना पटलं. संध्याकाळी ऑर्डर निघाली. कचेरीत कोणीही मोठ्याने वाचायचं नाही.
राजमहंमद माझ्याजवळ आला. पहिल्यांदाच हळू बोलला. "सावळेरामभाऊ, खरंच बंद करू? बगा हां. इच्यार करा." मी म्हणालो, ऑर्डर म्हणजे ऑर्डर. त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. अपराधी माणूस असाच पाहतो.

२९ जानेवारी
शांतता. भिंतीवरची पाल चुकचुकली तर ऐकू आली. काय सुख आहे!
आज अर्धीच नक्कल झाली. सुखाची सवय व्हायला वेळ लागतो.

३१ जानेवारी
शाई पातळ आली आहे. शिवाय ज्याने हा अस्सल कागद लिहिला त्याला कचेरीत कोणी ठेवलं कळत नाही. अक्षर नव्हे, मुंग्या. कागद हात लांब करून धरला की जरा बरं दिसतं, पण माझे हातच पुरत नाहीत. खिडकीशी नेला, उंबऱ्याशी नेला. शिपायाने विचारलं, कागद वाळवताय का?

४ फेब्रुवारी
राजमहंमदला सुचवलं की मनात वाचताना निदान ओठ तरी हलवत जा, प्रकृतीला बरं असतं. तो म्हणाला, "ऑर्डर हाये राव." फार नियमाने वागायला लागला आहे. माणसाने इतकंही ताणू नये.

६ फेब्रुवारी, गुरुवार
प्रांतसाहेब आले. कचेरीतली शांतता पाहून खूश झाले. म्हणाले, अशी कचेरी जिल्ह्यात पाहिली नाही. दप्तरातल्या नकला काढून पाहिल्या. त्या अर्थात राजमहंमदच्या, कारण माझ्या गावोगाव गेलेल्या. तरी शांतता माझीच. मामलेदारसाहेबांना ते ठाऊक आहे. घोडेगावला बिऱ्हाड कोणत्या आळीत करावं याचा विचार चालू केला आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार
फार वाईट दिवस. लिहू नये असं वाटतं. पण लिहितो.
गेल्या आठवड्यात एका कागदावर दोन मजकूर होते. डिंगोऱ्याच्या पाटलांनी पागोटं घालून साक्षीला हजर राहावं, हा एक. बेवारशी बैल सापडला आहे त्याच्या मालकाने घेऊन जावा, हा खाली दुसरा. माझी नक्कल बेल्ह्याला गेली. काल तिथे गुरांचा बाजार. भर बाजारात दवंडी झाली. डिंगोऱ्याचे पाटील, रंग तांबडा, एक शिंग मोडलेलं, शेपटीला गोंडा नाही, बेवारशी फिरताना सापडले आहेत. मालकाने खूण पटवून घेऊन जावं, नाहीतर लिलाव होईल. आणि बैलाने पागोटं घालून कचेरीत साक्षीला यावं.
पाटील त्या वेळी बाजारात खोंडाचा सौदा करत उभे होते. दोन गिऱ्हाइकांनी त्यांचे दात तपासायची तयारी दाखवली म्हणे.
आज पाटील कचेरीत आले. म्हणाले, "कोन हाय त्यो कारकून? माझं शिंग दाव मला! दाव!" मी ते दाखवू शकलो नाही. मामलेदारसाहेबांनी पाटलांना खुर्ची दिली, सरबत दिलं, आणि मग माझ्याकडे वळले. पुढचं लिहीत नाही.
चूक माझी नव्हे. दोन ओळी इतक्या जवळ लिहू नयेत.

१२ फेब्रुवारी
आज जेवणाच्या सुट्टीत राजमहंमद मला पायरीवर घेऊन बसला. म्हणाला, "भाऊ, तुमाला जवळचं दिसत न्हाई, हे मला दोन वर्सं म्हाईत हाये. म्हनून तर मी कोकलत व्हतो. दोन-दोनदा वाचायची मला काय हौस व्हती व्हय? लई घसा बसायचा राव. घरी जाऊन जेष्ठमध चघळायचो."
मी त्याला ताबडतोब सांगितलं की हे साफ खोटं आहे, आणि किल्ल्यावरची एक काळी शेळी दाखवली. त्याने शेळीकडे पाहिलं आणि सुपारी कातरली. हळू कातरली, आवाज होऊ न देता.
घरी येताना मात्र हिशेब लागला. दोन वर्षं तो माझ्यासाठी ओरडत होता आणि मी त्याच्या तोंडात खडीसाखर कोंबत होतो. मला लाज वाटली. लिहून ठेवतो, पण हे पान पुन्हा वाचणार नाही. तसंही वाचता येणार नाही.

१४ फेब्रुवारी
मामलेदारसाहेबांना म्हणालो, शांततेची ऑर्डर मागे घ्यावी, अति शांतता कामाला बाधक असते. ते म्हणाले, प्रांतसाहेबांनी रिपोर्टात शांततेची तारीफ केली आहे, आता ती मोडता येणार नाही. आणि तुम्हीच मागितली होती ना?
हो. मीच.

२ मार्च, सोमवार
घोडेगावची ऑर्डर आली. हेडकारकून राजमहंमद. नकला स्वच्छ आणि वर्तन शांत, असा शेरा आहे.
निघताना त्याने पत्र्याची डबी हातात ठेवली. आत त्याच्या अब्बांचा चष्मा. म्हणाला, "घालू नका पायजे तर. नुसता जवळ असू द्या." देणगी परत करणं वाईट दिसतं म्हणून खणात टाकला. मेंढरं राखणाऱ्याच्या घरात चष्मा म्हणजे वडील काय म्हणतील?
गाडी वळणाआड गेली तरी त्याचा आवाज येत होता. गाडीवानाशी बोलत होता. पार ऐकू येईनासा होईपर्यंत मी उभा राहिलो.

१० मार्च
राजमहंमदच्या जागी जानकू नावाचा नवीन कारकून आला आहे. हवा होता तसा मितभाषी. खोकतोसुद्धा उपरण्यात.
मीही उपाय शोधला आहे. कागद खिडकीशी लांब धरायचा, बोट ठेवायचं आणि एकेक अक्षर मोठ्याने लावत जायचं. म्हणजे ओळ सुटत नाही. मामलेदारसाहेब फिरतीवर आहेत, तेव्हा ऑर्डरची अडचण नाही. चष्म्याची गरज नाही, हे सिद्ध झालं.

१६ मार्च
जानकू कानात कापूस घालून आला. सर्दी असावी. जपायला सांगितलं. बिचाऱ्याला ऐकू गेलं नाही.

१८ मार्च, बुधवार
आज जानकूने मला अगदी आदराने खडीसाखर दिली. मोठ्यात मोठा खडा निवडलेला होता.
मी त्याच्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून लिहीत होता.
खडा तोंडात टाकला. तोंड बंद झालं. समोरच्या कागदावर मुंग्या. मग खण उघडला, डबी काढली आणि चष्मा नाकावर ठेवला.
दिसतं.
राजमहंमदला इतक्यात कळवायचं नाही.